आधी थोडं मागं

हिंगोलीत फाल्गुन आधी नाकाला कळतो. मोंढ्याकडून, म्हणजे हळदीच्या बाजाराकडून, वारा सुटला की वर्गात बसल्या जागी घसा खवखवतो, पोरं एकामागून एक शिंकायला लागतात, आणि कोऱ्या कागदावर बोट फिरवलं तर तिथं काहीतरी पिवळं उमटेल असं मला उगाच वाटत राहतं. मी शाळेत चित्रकला शिकवते. रंगाच्या बाबतीत माझा भास आणि खरं यांतला फरक तसाही फार मोठा नाही. रस्त्यावर हळदीची पोती लादलेले ट्रॅक्टर ओळीनं उभे असतात, रिक्षावाले शिव्या देत त्यांच्यामधून वाट काढतात. या दिवसांत मी दरवर्षी ठरवते की यंदा गावाकडे जायचं नाही, आणि दरवर्षी जाते.

यंदा तर जावंच लागलं. भावाचा फोन आला. "ताई, रविवारी हळदीचा ड्रम येऊन राहिला. तू ये. दादाचं काई खरं न्हाई. उंबऱ्यापाशी येतेत अन् तिथंच उभे राहतेत."

दादा म्हणजे आमचे वडील. त्यांना कंपवात आहे. दिवाळीनंतर एकदा अंगणात पडले, आणि तेव्हापासून त्यांनी घराबाहेर पाऊल टाकलेलं नाही. घरातल्या घरात भिंत धरून हिंडतात, चहाला चुलीपाशी येतात, पण उंबऱ्याशी पोचले की पाय जमिनीला चिकटतात. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "माणूस चालता ठेवा. एकदा खाटेला खिळले की पुन्हा उठवणं फार अवघड जाईल." तेव्हापासून माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. झोपताना, फळ्यावर फुलदाणी काढताना, भाजी घेताना, दादा आणि उंबरा.

त्यांना विचारलं तर म्हणतात, "उंबरा उंच झालाय."

उंबरा चार बोटांचा आहे. आम्ही जन्मलो तेव्हाही तेवढाच होता. भाऊ हे ऐकून हसतो. मला हसू येत नाही, कारण मधेच थांबलेल्या माणसाला समोरची वस्तू वेगळी दिसते हे मी तेराव्या वर्षापासून जाणते.

आमचं गाव शिरड शहापूरच्या बाजूला. माझ्या लहानपणी हळदीचा ड्रम बैलगाडीत बसून यायचा. ड्रम म्हणजे लोखंडी पत्र्याचं आडवं पिंप, अंगभर भोकं पाडलेलं, आणि दोन्ही टोकांना हात धरायला दांडे. शिजवून वाळवलेली हळद त्यात भरायची, झाकण लावायचं, आणि दोन बाजूंनी दोघा-दोघांनी तो फिरवायचा. हळकुंडं एकमेकांवर घासतात, वरची खरबरीत साल आणि मुळ्या गळून पडतात, आणि आतून ती चकचकीत पिवळी हळद निघते जी बाजारात दिसते. ड्रम फिरत असताना त्याच्या भोकांतून पिवळा धुरळा उडायचा. बैलांच्या पापण्या पिवळ्या व्हायच्या, माठातलं पाणी पिवळं, भाकरी पिवळी. माय म्हणायची, "आठ दिवस आपण समदे नवऱ्या-नवऱ्या."

ड्रम गफूरचाचांचा होता. ते कळमनुरीकडून यायचे आणि आमच्या शिवारात महिनाभर मुक्काम ठोकायचे. अंगानं किरकोळ, आवाज मात्र पहाडी. त्यांच्या डाव्या हाताच्या पहिल्या बोटाचं वरचं पेर नव्हतं. ड्रम सुरू करताना ते ओरडायचे, "चल दे!" आणि थांबवताना, "बस!" बस म्हटलं की चौघांनी दांडा तिथंच धरायचा. मग पुन्हा एक नियम असायचा, तो फक्त त्यांचाच. ड्रम थांबल्यावर मोठ्यानं दहापर्यंत मोजायचं, आणि मगच झाकणाला हात लावायचा.

मी एकदा विचारलं, "चाचा, थांबला की ड्रम. आता काहून मोजायचं?"

"तू पाह्यलं का ड्रमकडं इतका वेळ?"

"व्हय."

"मंग आता त्या लिंबाकडं पाह्य."

मी अंगणातल्या कडुलिंबाच्या खोडाकडे पाहिलं. खोड हळूहळू उलटं वळत होतं. मी डोळे चोळले. थांबलेल्या ड्रमकडे पाहिलं तर तोही उलटा फिरत होता, अगदी सावकाश, आणि तरी जागच्या जागी होता. मला गरगरायला लागलं.

"हाताला ब्रेक हाय बेटी, डोळ्याला न्हाई," चाचा आपलं आखूड बोट नाचवत म्हणाले. "ड्रम रुकतो, डोळा फिरतच राहतो. तेवढ्यात हात घातला की झाकण एकीकडं अन् हात एकीकडं. मला इचार की."

त्या दिवसापासून दर वेळी ड्रम थांबला की मी पळत लिंबासमोर जायची. तो उलटा फिरणारा लिंब मला फार आवडायचा. पुढे चित्रकलेच्या पुस्तकांत दृष्टिभ्रमाच्या आकृत्या पाहिल्या, पण त्यांत लिंबाची मजा नव्हती.

चाचांची आणखी एक खुबी होती. कधी मधेच काही अडलं, दांडा सुटला, आणि भरलेला ड्रम थांबला, तर तो पुन्हा पुढे ढकलता यायचा नाही. सगळी हळद तळाशी जाऊन बसलेली. चार गडी जोर लावून लाल व्हायचे आणि ड्रम ढिम्म. चाचा म्हणायचे, "पुढं नका ढकलू, तकलीफ होईल. आधी थोडं मागं घ्या... अन् चल!" मागे एक झोका, आणि त्याच झोक्यावर पुढे. ड्रम फिरायला लागायचा.

आता माझा आणि दादांचा खेळ सांगते, कारण सगळं त्याच्यावरच अडलेलं आहे. दादा दांड्यावर असायचे. एक भर, म्हणजे ड्रमभर हळद, घासून झाली, चाचांनी बस म्हटलं, दहा मोजून झाले, की दादा उजवा तळहात वर करून उभे राहायचे आणि मी धावत जाऊन माझा तळहात त्यावर आपटायची. मग दोघांनी हात उताणे करून पाहायचं, कुणाचा जास्त पिवळा. ज्याचा पिवळा तो जिंकला. ते दिवसभर हळदीत काम करणारे, त्यांचाच जास्त पिवळा असायला हवा. पण मी आधीच खाली सांडलेल्या धुरळ्यात हात घोळवून आलेली असायची. त्यांना ते दिसायचं. तरी ते प्रत्येक वेळी कपाळाला हात लावून म्हणायचे, "हरलो बुवा." कपाळ पिवळं व्हायचं आणि मी हसून हसून खाली बसायची. दादा तसे अबोल. लाडानं जवळ घेणं, डोक्यावरून हात फिरवणं, आमच्याकडे बापमाणसं असलं काही करत नसत. मला त्यांचा स्पर्श मिळायचा तो एवढाच, भरीला एक टाळी.

मी तेरा वर्षांची झाले त्या वर्षीचा हंगाम. मला पाळी येऊ लागली होती. ती दुसरीच वेळ. त्या काळी आमच्या घरात अशा वेळी तीन दिवस बाजूला बसवत, आणि हळदीच्या दिवसांत तर धाक जास्तच, कारण बाजूला बसलेलीचा हात लागला की हळद काळी पडते असं सगळे मानत. मला भिंतीच्या सावलीत पोतं टाकून दिलं होतं. भाकरी तिथंच, पाण्याचा तांब्या वेगळा. मी दुपारभर तिथून ड्रम पाहत बसले. घरंघर, घरंघर. साल निघेल तसा तो आवाज मऊ होत जातो. दादा तर नुसत्या आवाजावरून सांगत, आता झाली म्हणून.

"बस!" चाचा ओरडले. मी मनात मोजलं. नऊ, दहा. दादांचा तळहात वर गेला, आणि मी उठून धावले.

विसरले होते मी. दुसरं काही नाही. तेरा वर्षांच्या पायांना ती टाळी पाठ होती आणि पाळी नवीन होती. दादाही विसरले होते, नाहीतर त्यांनी हात वर केला नसता.

"अगं थांब! शिवू नगं!" आत्या सुपातली हळद टाकून किंचाळली. आत्या म्हणजे दादांची थोरली बहीण, घरात तिचा शब्द चाले.

माझा हात हवेत थांबला. दादांच्या हातापासून वीतभर अंतरावर.

तोवर मी त्यांचा तळहात कधी पाहिलाच नव्हता. त्याला हात लावायची घाई असायची. त्या दिवशी हात थांबला आणि डोळे कामाला लागले. अंगठ्याच्या मुळाशी जुना, शिवल्यासारखा वण. चार बोटांखाली चार घट्टे. मधली रेघ मनगटाकडे जाता जाता दुभंगलेली, आणि त्या सगळ्या रेघांत पिवळं भरलेलं. करंगळी किंचित वाकडी. आजही डोळे मिटले की मला तो हात जसाच्या तसा दिसतो. आणि दिसताना तो लांब जात होता. दादा जागचे हलले नव्हते, मी हलले नव्हते, पण मधली ती वीत वाढत वाढत ओसरीएवढी झाली, अंगणाएवढी झाली. शेवटी दादांनी हात खाली घेतला आणि धोतराला पुसला.

त्यांनी तो पुसला याचा मला जास्त राग आला. थांबवलं आत्यानं, पण राग आला दादांचा. कसं असतं पाहा.

आत्याला मी दोष देत नाही. तिला तिच्या आईनं तसंच शिकवलं होतं, आणि पाठीमागे तीच मायला म्हणाली, "लेकरू हिरमुसलं गं." संध्याकाळी दादा भिंतीपाशी आले. मी बसले होते तिथून हातभर अंतरावर, भिंतीच्या कोनाड्यात, त्यांनी एक हळकुंड ठेवलं. त्या दिवसाच्या भरीतलं, सोन्यासारखं घासलेलं, बोटाएवढं लांब. ठेवलं आणि गेले.

मी ते उचललं नाही. तीन दिवस ते कोनाड्यात पडून होतं आणि तीन दिवस मी त्याच्याकडे पाठ करून बसले. गंमत म्हणजे ते मला चांगलंही दिसेना. पहिल्या दिवशी झळाळत होतं, तिसऱ्या दिवशी लाकडाच्या ढलपीसारखं दिसायला लागलं. जी वस्तू घ्यायची नाही असं हातानं ठरवलं, ती डोळ्यांतूनही उतरते. चौथ्या दिवशी न्हाऊन आले तर कोनाडा रिकामा होता. कुणी नेलं, विचारलं नाही.

पुढच्या वर्षी ड्रम आला. मी बाजूला नव्हते, कुणाची आडकाठी नव्हती. चाचा बस म्हणाले, दहा मोजून झाले. दादांनी हात वर केला नाही. ते माझी वाट पाहत असावेत, आणि मी त्यांच्या हाताची. त्यांनी तंबाखू काढली. मी लिंबाकडे पाहिलं. लिंब उलटा फिरत होता, पण त्यातली मजा गेली होती.

आणि मग ते तसंच राहिलं. एकदा थांबलेला हात पुढच्या वेळी उशिरा उठतो, त्याच्या पुढच्या वेळी आणखी उशिरा, आणि मग उठायचंच विसरतो. माझं लग्न झालं तेव्हा मी त्यांच्या पाया पडले आणि त्यांनी मान हलवली. मला नोकरी लागली तेव्हा पेढ्याचा पुडा मी ताटात ठेवून ताट पुढे केलं. माय गेली त्या दिवशी आम्ही दोघं एकाच पायरीवर बसलो होतो. माझा हात त्यांच्या गुडघ्यापर्यंत गेला होता. गुडघ्याशी जाऊन त्यानं माझ्याच पदराचं टोक नीट केलं आणि परत आला. कुणी थांब म्हटलं नव्हतं.

वर्गात मी पोरांना सांगते, "हात थांबवा, मग बघा. हात चालू असताना डोळा आंधळा असतो." खरं आहे ते. पेन्सिल थांबवल्याशिवाय घागरीचा बाक दिसत नाही. पण त्यापुढचं अर्धं मी त्यांना सांगत नाही. फार वेळ थांबलं की घागर नुसतीच दिसत राहते आणि कागद कोरा राहतो. इतक्या वर्षांत मी झाडं काढली, बैल काढले, मोंढ्यातले हमाल काढले. मागच्या वर्षी एक मुलगी म्हणाली, "बाई, तुमच्या चित्रातल्या माणसांचे हात नेहमी पाठीमागं कसे?" मी तिला दटावून खाली बसवलं.

रविवारी गावी पोचले तेव्हा ड्रम अंगणात लागला होता. आता तो ट्रॅक्टरवर फिरतो, दांड्यांना माणसं लागत नाहीत, एका वेळी कितीतरी पोती घेतो. चाचा जाऊन बरीच वर्षं झाली. ड्रम फिरत होता, धुरळा उडत होता, लिंब होता तिथंच होता. भाऊ ट्रॅक्टरपाशी तोंडाला उपरणं बांधून उभा.

दादा आत खाटेवर कान देऊन बसले होते. मी पाणी पिऊन जवळ बसले. त्यांचा उजवा हात मांडीवर थरथरत होता, अंगठा बोटांवर काहीतरी अदृश्य चोळत होता.

"आवाज बदलला," ते एकदम म्हणाले. "साल निघाली. आता बस म्हना त्याला. लई घासली तर माल झडतो."

मी दारातून हाक मारली. ट्रॅक्टरच्या आवाजात भावाला काय ऐकू येणार! मी पळत जाऊन सांगायला निघाले, तर मागून दादा म्हणाले, "ऱ्हाऊ दे. मीच सांगतो."

ते उठले. भिंत धरून, पावलं घासत, बऱ्यापैकी वेगानं आले. आणि उंबऱ्याशी थांबले. मी बाहेर ओसरीवर, ते आत. पावलं जमिनीला खिळलेली, वरचं अंग पुढे झुकलेलं, डोळे उंबऱ्यावर. त्या डोळ्यांत मी भीती पाहिली. दादांच्या डोळ्यांत मी ती कधी पाहिली नव्हती.

"टाका पाय, दादा. एवढासा तर हाय."

"उंच हाय गं."

"न्हाई उंच. टाका. पुढं टाका."

मी पुढं, पुढं म्हणत होते आणि ते आणखी घट्ट होत होते. त्यांच्या कपाळावर घाम आला. आता हे पडणार किंवा परत फिरून खाटेवर जाणार, आणि एकदा परत फिरले की पुन्हा इथवर यायचे नाहीत, हे मला स्वच्छ कळत होतं. मागे ड्रम घरंघरत होता. आणि मला चार गडी आठवले, लाल झालेले, आणि ढिम्म ड्रम.

"दादा," मी म्हटलं, "पुढं नका येऊ. मागं घ्या."

त्यांनी मान वर केली.

"गफूरचाचा काय म्हणायचे? आधी थोडं मागं."

त्यांच्या तोंडावर काहीतरी हललं. त्यांनी उजवा पाय मागे घेतला. गेला! जो पुढे येत नव्हता तो मागे सहज गेला. पण अंगाचा तोल डुगडुगला. त्यांना आता धरायला काहीतरी हवं होतं, आणि समोर फक्त मी होते.

माझा हात वर गेला आणि वीतभर अंतरावर थांबला.

तीच वीत. तोच हात समोर, आता थरथरता, सुरकुतलेला, घट्टे विरघळून मऊ पडलेला, करंगळी तशीच वाकडी. तो पुन्हा लांब जायला लागला. आत्या जाऊन दहा वर्षं झाली होती. अंगणात मला थांब म्हणणारं कुणी नव्हतं. मला माझीच चीड आली. मी हात मागे घेतला, पार खांद्यापर्यंत, लहानपणी टाळी द्यायला घ्यायची तसा. आणि त्याच झोक्यावर पुढे केला.

"अन् चल!"

टाळी वाजली नाही. त्यांचा तळहात माझ्या तळहातावर नुसता येऊन पडला आणि बोटं मिटली. पाय उंबऱ्यावरून अलीकडे आला. पाठोपाठ दुसरा. आम्ही ओसरीवर होतो.

त्यांना भलतीच घाई होती. ओसरीच्या कडेला येऊन त्यांनी मोकळा हात वर केला आणि अशा आवाजात ओरडले की मीच दचकले, "बस!"

भावानं वळून पाहिलं. उपरण्याच्या वर त्याचे डोळे मोठे झाले. त्यानं ट्रॅक्टर बंद केला. ड्रम दोन-तीन फेरे मारून थांबला, धुरळा खाली बसायला लागला, आणि भाऊ झाकणाकडे धावला.

"दम धर," दादा म्हणाले. "दहा मोजू दे."

ते मोजायला लागले. मीही मोजायला लागले. समोर लिंबाचं खोड हळूच उलटं वळायला लागलं होतं. सहावर आलो तेव्हा त्यांनी आमचे धरलेले हात सोडवले, दोन्ही उताणे केले आणि निरखून पाहिले. त्यांचा पांढुरका पडलेला, माझा खडूनं खाल्लेला. पिवळेपणाचा मागमूस नव्हता.

"यंदा दोघं बी हरलो गं," ते म्हणाले.

"अजून ड्रम उघडला न्हाई, दादा," मी म्हटलं, आणि त्यांचा हात पुन्हा धरून पुढे मोजलं. सात. आठ.